मॉनिटरच्या आवाजाचा खर्च

११ सप्टेंबरला माझ्या टेबलावर एक हजार आठशे साठ रुपयांच्या खर्चाचा कागद मंजुरीसाठी आला. ऑपरेशन थिएटरमधल्या मॉनिटरचा स्पीकर दुरुस्त करायचा होता. चौकशी केली तेव्हा कळलं, मॉनिटर उत्तम चालतो, नाडीचे आकडे स्वच्छ दिसतात, फक्त ठोक्याबरोबर होणारी टिकटिक बंद पडली आहे. 'आकडा दिसत असताना आवाज कशाला?' असा शेरा मारून मी कागद परत पाठवला. आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात हिशेब मी बघतो.

तासाभरात थांबाबाई तो कागद हातात घेऊन खाली आल्या.

बाई म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टर. मुलांच्या तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळा हलवणारा स्नायू ओढावा लागतो, आणि तो ओढला की काही मुलांचं हृदय एकाएकी मंदावतं. क्वचित थांबतंसुद्धा. दुखणं डोळ्याचं आणि रुसवा हृदयाचा! सर्जनने स्नायू सोडला की बहुतेक वेळा ठोके पूर्ववत होतात. 'थांबा' म्हणायचं काम बाईंचं, आणि सव्वीस वर्षं ते केल्यावर नाव तेच पडलं. त्यांचे यजमान तर सांगतात, "घरी कुणी पडदा जोरात ओढला तरी ही स्वयंपाकघरातून ओरडते." थिएटरमध्ये त्यांचा एकच कायदा होता : थांबा म्हटलं की आधी हात सैल सोडायचा, भांडण मग.

"भाऊसाहेब, तुमचा शेरा वाचला. अक्षर छान आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, आकडे दिसतात ना?"

"दिसतात. बघायला वेळ कुणाला आहे? उद्या नऊला वर या. आंघोळ करून या, आणि नाश्ता करूनही या. उपाशी माणसं आमच्याकडे धाडधाड पडतात."

दुसऱ्या दिवशी हिरवा झगा आणि टोपी चढवून मी थिएटरच्या कोपऱ्यात उभा राहिलो. टेबलावर पाच वर्षांची मुलगी होती. आत येताना तिने बाईंना दरडावून विचारलं होतं, "माझा चष्मा कोण सांभाळणार?" बाईंनी तो स्वतःच्या खिशात ठेवला, तेव्हा कुठे ती झोपायला तयार झाली. बाहेर बाकावर तिची आई बसली होती.

मुलीच्या छातीवर ठोके ऐकण्याची एक चकती चिकटवलेली होती. तिची लांब नळी बाईंच्या डाव्या कानात.

"तुम्हाला तर ऐकू येतंय," मी हळूच म्हणालो.

"मला येतंय. पण स्नायू ओढणार हे महाशय," त्यांनी सर्जनकडे मान केली, "त्यांना कोण ऐकवणार? टिकटिक मंदावली की यांचा हात आपोआप सैल पडतो. आता तिकडे उभे राहा. कशाला हात लावू नका आणि बोलू नका."

सर्जनने स्नायू बारीक हुकात धरला. मॉनिटरवर एकशे बारा होते.

"थांबा!"

त्यांनी लगेच सोडला. थोड्या वेळाने आकडा खाली आला, सत्तर, आणि पुन्हा चढला. म्हणजे मंदावलेला ठोका बाईंना आकड्याच्या आधी कळला होता.

"बाई, तुम्ही जरा लवकर ओरडता," सर्जन म्हणाले.

"उशिरा ओरडले तर आवडेल का?"

दुसऱ्यांदा स्नायू धरला तेव्हा मुलीच्या तोंडाजवळची श्वासाची नळी किंचित सरकली. बाई ती नीट करायला वाकल्या आणि कानातलं टोक निसटून खाली लोंबकळलं. सर्जनची नजर डोळ्यावर, बाईंची नळीवर. आकड्याकडे बघणारा मी एकटाच. शहाण्णव. त्र्याऐंशी. एकसष्ट. मला बोलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि पुढचा आकडा आल्याशिवाय निष्कर्ष काढायची मला सवय नाही. मी वाट बघत राहिलो. अडतीस.

बाईंनी मान वर केली.

"थांबा! सोडा!"

सर्जनने हात उचलला. पडद्यावरची रेघ सपाट झाली. बाईंनी तयार ठेवलेली सिरिंज एका हाताने टोचली आणि दुसऱ्या हाताने छाती दाबायला सुरुवात केली. "ये गं, ये. चष्मा माझ्याकडे आहे." मी पाठीमागची भिंत धरली. मग एक ठोका. मग दुसरा. चाळीस, नव्वद, एकशे अठरा.

"नाश्ता केला होता का?" बाईंनी मागे न बघता विचारलं.

"केला होता."

"तरीच उभे आहात."

खूप वेळ थांबून, सगळं स्थिर आहे याची खात्री करून त्यांनी उरलेलं ऑपरेशन पुरं करू दिलं. दुपारी मुलगी जागी झाली आणि सगळ्यात आधी चष्मा मागितला. आईला बाईंनी घडलेलं सगळं शेजारी बसून सांगितलं, काहीही न झाकता.

संध्याकाळी मी बाईंना म्हणालो, "एकसष्टला मी बोलायला हवं होतं."

"मीच गप्प बसवलं होतं तुम्हाला. चूक वाटून घेऊ. पण तो कागद?"

कागदावर माझी सही झाली होती. जुना शेरा मी खोडला नाही, त्याच्याखाली 'मंजूर, तातडीचे' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटर बंद ठेवून बाई स्वतः रिक्षाने मॉनिटर दुरुस्तीला घेऊन गेल्या. दुपारी तो टिकटिक करत परत आला. दुकानाचे एक हजार आठशे साठ रुपये दिले गेले. रिक्षाचे पासष्ट रुपये झाले, त्याची पावती नव्हती. ते बाईंना द्यायचे राहिले आहेत.