शेवंतीनं मढवलेलं धनुष्य

ताणलेली वस्तू दिसली की माझ्या बायकोला, शेवंतीला, टिचकी मारून ऐकायची खोड होती. वाळत घातलेला पापड असो, उघडलेली छत्री असो, सुर्ल्याच्या रस्त्यात उभ्या असलेल्या खनिजाच्या ट्रकची ताडपत्री असो. टिचकी मारायची, मान तिरकी करायची आणि स्वतःशीच सांगायची, "ओला बोलता" नाहीतर "सुका बोलता." एकदा जेवून आडवा झालो होतो तर माझ्या पोटावर मारली. म्हणाली, "ओला बोलता. पेज लय झाली तुमका."

सुर्ला तिचं माहेर. तिचा बाप तिथं ढोल आणि तबले मढवून द्यायचा. त्याला मुलगा नव्हता, त्यामुळे काम सगळं हिच्या हातात उतरलं होतं. लग्न होऊन कोरगावला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत चामडं खरवडायची एक वाकडी सुरी होती. मी सुतार. गावात मला मेस्त म्हणतात, लोक पंगतीला शेजारी बसवतात. मी ती सुरी बघितली आणि म्हटलं, "माझ्या घरात चामडा चालाचा नाय." ती "बरा" म्हणाली. सुरी माळ्यावर गेली. छत्तीस वर्षं तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही. मला वाटलं, विसरली.

आमच्या वाड्यावरच्या देवळात दसऱ्याला केळीच्या खांबावर बाण मारायची रीत आहे. बाण मारायचा मान गावचे मानकरी आबा यांचा. एका दसऱ्याला त्यांच्या हातात जुनं धनुष्य मोडलं. बाण लागला नाही, आणि वर्षभर गावात जे जे वाईट झालं ते लोकांनी त्या मोडण्यावर घातलं. नवं करायचं माझ्याकडे आलं. मी भर देवळात बोलून बसलो, "ह्या मोडाचा नाय."

धामणीच्या झाडाचं चिवट लाकूड आणलं. तीन दांडे निघाले. पहिला तासून दोन्ही बाजू सारख्या वाकतील असा केला, दोरी चढवली, ओढला. पाठीवरून, म्हणजे दोरीच्या उलट अंगानं, लाकडाची एक चोय उठली आणि दांडा फाटत गेला. दुसरा तर माझ्या हातातच दोन तुकडे झाला, कपाळाला लागला. रक्त पुसत बसलो होतो. दसरा दीड महिन्यावर, आणि दांडा एकच उरलेला.

शेवंती पडवीत येऊन तुकडे बघत बसली. मग म्हणाली, "वाकवल्यार पोट दबता, पाठ ताणता. ताणता तेका धरून ठेवणारा कायतरी होया. पाठीक चामडा लावा."

मी तुकडे गोळा करायला लागलो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "देवळातलो ढोल कसलो असा? पितळेचो?"

छत्तीस वर्षं तिच्या पोटात हे वाक्य तयार होतं. मी शिडी लावली आणि माळ्यावरची सुरी खाली काढून दिली.

त्यानंतर जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. मी स्वतःला कारागीर समजत होतो. तिनं पेडण्याच्या बाजारातून बकऱ्याचं कच्चं कातडं आणलं, चुन्याच्या पाण्यात भिजवलं, केस काढले, आणि त्या गंजक्या सुरीला धार लावून आतली चरबी खरवडायला बसली. सुरी कातड्यावरून अशी चालायची की वाटावं, मधली वर्षं झालीच नाहीत. कातडं जनेलाला, खिडकीच्या उजेडाला, धरलं तर पलीकडची माडाची झावळी दिसावी इतकं पातळ केलं. कुठं भोक नाही. डोळेसुद्धा तिचे तिथं नसायचे, माझ्याशी गप्पा मारत खरवडायची.

माझ्या दांड्याची पाठ मी आरशासारखी केली होती. तिनं त्यावर करवतीचं पातं आडवं ओढलं. मी ओरडलो, "अगे, काय करतंस?"

"गुळगुळीताक कोण धरता? तुमका माका धराक किती वर्षां लागली?" म्हणाली आणि हसत ओरखडत राहिली.

कातड्याचे तुकडे उकळून तिनं सरस केला. वास असा सुटला की शेजारीण नाक धरून विचारून गेली. गरम सरस पाठीवर, त्यावर ओलं कातडं, मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत हवा काढली. शेवटी आपलं जुनं लुगडं फाडून त्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या आणि धनुष्य जनेलाजवळ सावलीत टांगलं.

"उन्हात नेव नकात. दिवस मोजू नकात. टिचकी मारा, सुका बोललां की सोडा. त्याच्या आधी ओढलात तर ह्याय मोडतला."

पावसाळी हवा, सुकायला वेळ लागत होता. अकराव्या दिवशी सकाळी ती भात वेळायला, त्यातलं पाणी काढायला, चुलीपाशी बसली. उठली नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी आबा आले. बसले, दोन शब्द बोलले. मग त्यांची नजर जनेलाकडे गेली. "मेस्ता, सुतकाचा घर. त्यात चामडा. देवाचा काम असा. ह्या हयसून हलवया, नायतर दुसरा करूया."

छत्तीस वर्षांपूर्वी मी जे बोललो होतो, तेच माझ्या दारात परत आलं होतं. मी म्हटलं, "आबा, देवळातलो ढोल कसलो असा? पितळेचो? तिना टांगल्यान थंयच सुकतला. नको झाला तर दसऱ्याक हात हलवत जावा."

आबा उठून गेले. मी सुतकात दाढी वाढवून त्या धनुष्याखाली बसून राहायचो. रोज टिचकी मारायचो. ओलं बोलायचं. माझे कान तिच्याइतके चांगले नाहीत, भीती वाटायची. मग एका दुपारी टणटणीत, लाकडासारखं बोललं. माझं मलाच कळलं, हेच ते.

पट्ट्या सोडल्या. कातडं लाकडाला असं धरून बसलं होतं की नख घालायला जागा नाही. आणि त्यावर तिच्या लुगड्याची वीण उमटली होती. उभा धागा, आडवा धागा, एका टोकाला काठसुद्धा. असे वळ कानशीनं घासून काढायचे असतात, मगच तेल लावायचं. मी कडा साफ केल्या. कानस पाठीवर टेकवली आणि उचलली. तेल तेवढं लावलं.

दसऱ्याला धनुष्य घेऊन देवळात गेलो. दुसरं धनुष्य झालंच नव्हतं; आबा पुढे आले, भटानं तीर्थ शिंपडलं, आबांनी घेतलं. त्यांनी दोरी कानापर्यंत ओढली. धनुष्य करकरलं नाही. बाण केळीत पिसापर्यंत घुसला. लोक ओरडले.

आबा धनुष्य उलटंसुलटं करून बघत होते. "मेस्ता, काम बरा झाला. पण पाठीर हे वळ कसले? घासूक विसारलंस काय?"

"विसारलंय नाय," मी म्हटलं. सगळे ऐकत होते. "ता शेवंतीचा लुगडा. लाकूड तेवढा माझा."

आबांनी अंगठा त्या विणीवरून हळू फिरवला. मग भटाला खूण केली, आणि धनुष्य ढोलाच्या शेजारच्या खुंटीला लागलं.