गल्लीभर खुर्च्या

मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीचा फूटपाथ म्हणजे काय सांगावं! गटारावरच्या फरशीच्या एका टोकावर पाय दिला, की दुसऱ्या टोकावरचं मांजर थेट शहराबाहेर होसकोटेला जाऊन पडायचं. मी स्वतः पाहिलंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला. गुडघा आखडला तर कायमच्या घरात." आईने एकदा फूटपाथ पाहिला, दार लावलं आणि खिडकीशी जाऊन बसली. बोलणंही कमी झालं.

समोरच्या कानडी अक्कांना ते बघवेना. एका संध्याकाळी त्यांनी फाटकाबाहेर वेताची खुर्ची मांडली आणि हाक मारली, "बन्नी, इथपर्यंत या! स्वल्प बसा, मग परत जा." आई गेली. ते बघून शेजारच्या फाटकाबाहेरही खुर्ची आली, मग त्याच्या शेजारी, अशा पार गल्लीच्या टोकाच्या बागेपर्यंत. पोरांनी डुगडुगत्या फरश्या सिमेंट घालून बसवल्या. उन्हं कलली की झाडांवरची गुलाबी फुलं गळायची आणि अख्खी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी मंद हलायची. गल्लीतले सगळे म्हातारे माशांसारखे या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे तरंगत जायचे.

पण दारात टेकलेल्या माणसाला तसंच पाठवायचं, हे ना त्यांच्यात बसतं ना आपल्यात. पहिल्या खुर्चीवर कॉफी, दुसरीवर कडबोळी, तिसरीवर रव्याचा लाडू, तोही नारळाएवढा. आई तिसरीच्या पुढे सरकेचना. डॉक्टर म्हणाले, "आजी, मी चालायला सांगितलं होतं, जेवायला नाही. गुडघा होता तिथेच आहे."

ते ऐकून अक्का भडकल्या. "सरी, ठीक आहे! आता कॉफी फक्त शेवटच्या खुर्चीवर."

"म्हातारीला कॉफीसाठी वणवण करायला लावता?" असं म्हणत आई निघाली. अक्कांच्या कॉफीचा थर्मास घेऊन मी मागे. लाडवाच्या खुर्चीवरही ती घटकाभर टेकली आणि पदर झटकून पुढे निघाली.

शेवटच्या खुर्चीत कुणी आजोबा गाढ झोपले होते. त्यांच्या घोरण्यासरशी छातीवरची फुलं हातभर वर उडत आणि पुन्हा अलगद खाली उतरत.

"उठवू का?" मी विचारलं.

"नको रे, झोपू दे. आत बागेत बाकं असतील."

बाकं होती, पण सगळी भरलेली. मला वाटलं, आता आई घराकडे वळेल. पण ती बागेतल्या झाडांखालच्या वाटेला लागली होती.

"ये लवकर," पुढून आवाज आला, "कॉफी गार होईल माझी."