कुंदाच्या वाढदिवसाची आगबोट

आमच्या थोरल्या साडूंच्या हातून आयुष्यात एकही काम बिघडलं नाही. जे बिघडलं त्याला ते 'प्रयोग' म्हणत. मुरुडच्या शाळेत ते मास्तर होते आणि शाळेत खपलं नाही तेवढं सगळं शहाणपण संध्याकाळी घरी घेऊन येत. विहिरीचं पाणी थेट स्वयंपाकघरात यावं म्हणून त्यांनी पोफळीच्या पन्हळी जोडल्या, तर ते पाणी शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलं. शेजारी आभार मानायला आला, तेव्हा ते त्यांनी बिनदिक्कत स्वीकारले. अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवर कावळे बसू नयेत म्हणून त्यांनी काठीला आपला जुना कोट चढवून उभा केला. कावळे त्यावरच बसू लागले. शाळेतली पोरं मात्र त्या रस्त्याने यायची बंद झाली.

या सगळ्यांत त्यांचा आवडता उद्योग म्हणजे दारूबंदी. कायदा झाला तेव्हापासून गावोगाव व्याख्यानं देत ते हिंडत. सोबत खडूने रंगवलेलं यकृताचं चित्र असे. ते इतकं भयंकर होतं की ते पाहून कोळीवाड्यातल्या दोघा-तिघांना धीर यावा म्हणून घोटभर घ्यावी लागली, असं माझी मेहुणी, म्हणजे अक्का, सांगत. अक्कांची जीभ अशी. नवऱ्याचं कौतुक त्या फक्त तो घरात नसताना करत.

कुंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला सहावं वर्ष लागणार होतं. मुंबईला कुणा साहेबाच्या घरी साडूंनी एकदा वाढदिवसाचा केक पाहिला होता, आणि कुंदाला तर किनाऱ्यावरून दिसणाऱ्या आगबोटीचं वेड. साडूंनी दोन्हींची गाठ घातली. केक आगबोटीच्या आकाराचा होणार आणि तिच्या धुराड्यातून खरा धूर निघणार, असं त्यांनी वर्गात जाहीरसुद्धा करून टाकलं. म्हसळ्याहून मी आदल्या दिवशी पोचलो तेव्हा ते ओटीवर रॉकेलचा डबा कापून त्याचा साचा ठोकत बसले होते. अक्का म्हणाल्या, काकडी आहे, गूळ आहे, मी वर-खाली निखारे घालून झकास धोंडस करते, आपला कोकणी केकच तो. सल्ला देणाऱ्या सुईणीकडे डॉक्टरने पाहावं तसं साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

अडलं ते फुगण्यापाशी. अंडं माझ्या चुलीपाशी येणार नाही, हे अक्कांनी स्पष्ट सांगितलं. मग साडूंना आठवलं की पाववाले पीठ माडीनं फुगवतात. माडी म्हणजे माडाचा आंबलेला रस, म्हणजे दारूच, आणि तीच बंद करा म्हणून हे गृहस्थ घसा कोरडा करत होते. पण प्रयोगापुढे यकृत काय! पहाटे कोट घालून, छत्रीच्या आडोशाला तांब्या धरून ते मला घेऊन माडी काढणाऱ्या एका भंडाऱ्याच्या दारी गेले. हे फक्त केकसाठी आहे, असं त्यांनी त्याला चार वेळा बजावलं. त्या म्हाताऱ्याने तांब्या भरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "लाजू नका, मास्तर. पयल्यांदा सगलेच कायतरी कारन सांगतात."

घरी अक्कांनी नाकाला पदर लावला, देवांची नावं घेतली, आणि आळीतल्या बायकांना केकचं आमंत्रण देऊन बसल्याचं आठवल्यावर आणखी एक पळी स्वतःच्या हाताने ओतली. दुपारी पिठाने झाकण उचललं तेव्हा दोघं नवराबायको एकमेकांकडे असे पाहत होते की मला तिथे अवघडल्यासारखं झालं. त्यानंतर निखाऱ्यांवरून त्यांचं भांडण झालं. साडू वरचे निखारे वाढवत, अक्का काढून घेत. शेवटी केक निघाला तो नाकाकडे काळा नि उंच, मागे पांढरा नि खचलेला, एका बाजूला कललेला. वेळूच्या नळीचं धुराडं रोवून त्यात धूप घातला, तेवढा मात्र जोरात पेटला.

संध्याकाळी पोरं जमली, बायका जमल्या, आणि साडूंच्या बरोबर एका व्यासपीठावरून दारूबंदीवर बोलणारे फौजदारही आले. त्यांना साडूंनीच आठवड्यापूर्वी बोलावलं होतं आणि बोलावल्याचं स्वतःच विसरून गेले होते. कुंदाने बोटीभोवती एक फेरी घातली आणि म्हणाली, "बाबा, ही बुडतेय."

"ओहोटी आहे म्हणून तशी दिसते," साडू म्हणाले. त्यांचं लक्ष फौजदारांच्या बशीकडे होतं.

फौजदारांनी घास घेतला. चावता चावता थांबले. साडूंचा चेहरा खडूसारखा झाला. शाळा, नोकरी, अब्रू, सगळं त्या एका घासात अडकलं होतं. अक्कांनी घाईघाईने, दह्यात भिजवलंय हो, असं सांगितलं. फौजदारांनी दुसरा तुकडा उचलला आणि साडूंच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं. "माडी ताजी होती, मास्तर. शिळी असती तर कडवट लागली असती." हे त्यांना कसं कळलं, ते विचारण्याच्या स्थितीत साडू नव्हते. पुढच्या व्याख्यानाला दोघांपैकी कोणीच गेलं नाही, आणि मुरुडात त्यामुळे पिणारे वाढले असं काही ऐकिवात नाही.

पाहुणे गेल्यावर साडू पायरीवर बसले. जळकं नाक एकटीने संपवून कुंदा त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी थट्टेने विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? गोड शिऱ्यावर भागलं असतं. यावर प्रयोगाबद्दल काहीतरी ऐकावं लागेल अशी माझी तयारी होती. ते कुंदाच्या केसांतून हात फिरवत राहिले.

"माझा वाढदिवस कधी असतो, मला माहीत नाही," ते म्हणाले. "शाळेच्या दाखल्यात आहे ती तेव्हाच्या मास्तरांनी अंदाजाने घातलेली तारीख. तिथी आईला ठाऊक होती. ती गेली तेव्हा मी हिच्याएवढा होतो. नंतर विचारायला कोणी उरलं नाही."

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.  पुढच्या वर्षीपासून कुंदाला ओवाळून झालं की निरांजन विझण्याआधी तेच तबक अक्का नवऱ्यासमोर धरतात. "मला कशाला?" असं ते दरवर्षी म्हणतात, आणि म्हणता म्हणता डोक्यावरची टोपी सरळ करून घेतात.