अदलाबदलीतली कपबशी

परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांचे सत्कार मी आजवर पुष्कळ पाहिले आणि एकालाही मनापासून टाळी वाजवली नाही. आमच्या गावच्या मालकांचा पोरगा डेन्मार्कला निघाला तेव्हा चुडाव्याच्या स्टेशनवर सगळं गाव लोटलं होतं. गळ्यात इतके हार की त्याला पुढचं दिसत नव्हतं. तसं त्याला पुढचं कधीच दिसलं नाही म्हणा. दोन विषय राहिलेला हा गडी सहा महिने शेती शिकायला चालला होता, आणि घरच्या गोठ्यात त्यानं कधी पाय टाकला नव्हता. परत आल्यावर म्हणाला, "तिकडं मालक सोताच शेण काढतेत." ओसरीवरचे सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी गोठा नेहमीप्रमाणे माझ्या मायनंच झाडला.

परभणीच्या कृषी विद्यापीठात आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. पहिला नंबर माझा. पण योजना अदलाबदलीची होती. ज्याच्या घरी तिकडचा विद्यार्थी राहील, त्यानंच तिकडं जायचं. घरं पाहायला दोन प्राध्यापक जीपमधून आले. आमच्या बौद्धवाड्याच्या तोंडाशी जीप थांबली. एक साहेब खालीसुद्धा उतरले नाहीत. दुसऱ्यांनी दारातून डोकावून विचारलं, "संडास कुठंय?"

माय म्हणाली, "पाव्हणा येऊ तर द्या, संडास बी बांधू."

साहेब नुसते हसले. संडास मालकांकडंही नव्हता. पण तिथं चहा-चिवडा झाला, आणि 'बांधून घेऊ' हा मायचाच शब्द मालकांच्या तोंडून पटकन पटला.

यादीत नाव मालकांच्या पोराचं गेलं. पण मालकांनी मला बोलावून घेतलं. "या खेपेला पाव्हण्याजवळ रहा. त्याचं इंग्रजी आमाला सांग, आमचं त्याला सांग. पुढल्या साली दुसरा पाव्हणा तुझ्या नावानं माझ्याकडंच ठेवून घेतो. मग तू खुशाल जा." मी हो म्हणालो. जायची ओढ इतकी, की नको ते गिळायला शिकलो. मायही रोज विचारायची, "तू कवा जायलायस?"

पाहुणा आला. उंच, लालबुंद आणि सदा हसरा. भाकरी बघून हसायचा, बैल बघून हसायचा. आठवड्यात मला त्या हसण्याचा वीट आला. मालक खाटेवर बसून भाषण ठोकायचे आणि मी ते इंग्रजीत करायचो. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात आमची घरं जळाली, त्याला फार वर्षं झाली नव्हती. पाहुण्यानं ते कुठंतरी वाचलं होतं, त्यानं विचारलं. मालक म्हणाले, "त्याला सांग, आमच्या गावात भेदभाव न्हाई. सगळे एका घरावानी हायेत." तेही मी सांगितलं, शुद्ध व्याकरणात. आज आठवलं तरी जीभ कडू होते.

त्या एका घराच्या गोठ्यात, भिंतीच्या कोनाड्यात, एक कान तुटलेली कपबशी असायची. मायला चहा द्यायचा तो तिच्यात, वरून ओतून. मायनं ती धुवायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. एके सकाळी पाहुणा हौसेनं शेण काढायला मायजवळ गेला. मालकीणबाई किटली घेऊन आल्या, तसा त्यानं हाताला लागलेली तीच कपबशी पुढं केली. बाईंचा हात तसाच राहिला. मालक धावत आले.

"त्याला सांग, ती ठिवून दे म्हणावं. ती वेगळी हाय."

"कशामुळं वेगळी, ते काय सांगू, मालक?"

"काय बी सांग. फुटकी हाय म्हण. पण ते सांगू नको."

फुटकी आहे म्हणालो असतो, तर पुढल्या वर्षी मी डेन्मार्कात असतो. माय हातात खराटा घेऊन माझ्याकडं बघत होती. मी पाहुण्याला सगळं सांगितलं, कपबशी कुणाची, वेगळी का आणि चहा वरून का ओततात. मालकांना शब्द कळले नाहीत, पण पाहुण्याचं हसू थांबलेलं कळलं.

"झालं तुझं परदेशाला जाणं," ते म्हणाले. "पुढल्या साली माझ्या घरात पाव्हणा न्हाई."

मला वाटलं, आता पाहुणा तरी ताडकन काही बोलेल. कसचं काय! 'शॉकिंग' म्हणाला, खोलीतून कॅमेरा आणला, मायच्या हातात कपबशी देऊन तिला उजेडाकडं वळवलं आणि फोटो काढला. दुपारी मालकांच्याच पंगतीला बसून तूप-पोळी हाणली. मुक्काम संपेपर्यंत तिथंच राहिला. मालकांपेक्षा मला त्याची जास्त किळस आली. मालकांना निदान लपवावंसं वाटलं होतं.

जाताना त्यानं ती कपबशी मायकडून मागून घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत घातली. आपल्या विद्यापीठात सगळ्यांना दाखवणार होता म्हणे. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी कोनाड्यात नवी कपबशी आणून ठेवली, धड कानाची.

संध्याकाळी माय घरी आली, उंबऱ्यावर टेकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या आगुदर माझी कपबशी गेली बघ."