काकांचा फरशीचा तुकडा

आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये समोर भाड्याने राहणारे काका दर रविवारी लॅमिनेटच्या फरशीचा नवा तुकडा घेऊन येतात. त्यांची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि नव्या घराच्या स्वयंपाकघरात कुठली फरशी घालायची, ते काही ठरत नाही. तुकडा आणला की त्यावर सोलकढी सांडायची, सुकू द्यायची, पुसायची आणि मला हाक मारायची. "बघ गो, डाग रवलो काय?"

डाग नसला तरी रंग नापास. "तुझ्या काकीक आवडाक होयो. ती गावाक जावन बसली हा. नव्या घरातच येतलंय म्हणता."

चाळीच्या जागी अजून नुसता खड्डा आहे. "काका, फरशी सगळ्यात शेवटी बसते," असं मी एकदा म्हणून पाहिलं, तर उखडले. "मगे आयत्या वेळेक धावपळ कोण करतलो?"

काल सकाळी त्यांची वाटी परत द्यायला थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. काका गॅससमोर एका तुकड्यावर दोन्ही पावलं जुळवून चहा पीत होते. मला बघून म्हणाले, "ये गो, आत ये."

मी तर आधीच आत, त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांनी एक पाय खाली घेतला आणि तुकड्यावर माझ्या एका पावलापुरती जागा केली.