कॅचर बाकावर का बसली

शाळेतल्या मुली मला पाठीमागे ‘एक्सरे’ म्हणतात. मला ते केव्हाच कळलंय. नाही कळलं तर मी एक्सरे कसला? सत्तावीस वर्षं खेळाचा शिक्षक आहे. पाय मुरगळला म्हणणाऱ्या दहा मुलींतल्या आठ जणींचा पाय सरावाच्या कंटाळ्यानेच मुरगळलेला असतो. बायको म्हणते, “अहो, तुम्ही आरशातल्या माणसाकडेसुद्धा ओळखपत्र मागाल.” मागेन की. त्यात माझं काय चुकलं?

यंदाच्या सॉफ्टबॉलच्या हंगामात काय चुकलं, ते मात्र सांगायलाच हवं.

आमच्या मुली दणदणीत फटके मारणाऱ्या नाहीत, पण पळायला एक नंबर. म्हणून आमची सगळी भिस्त बेस चोरण्यावर. समोरच्या पिचरच्या हातून चेंडू सुटला रे सुटला की आमच्या मुलीने पुढच्या बेसकडे धूम ठोकायची. कधी ठोकायची ते मी तिसऱ्या बेसपाशी उभा राहून खुणेने सांगतो. टोपी, कान, कोपर, छाती, कुठेकुठे हात लावतो. त्यातली खरी खूण एकच, बाकी सगळं नाटक. या जोरावर पहिले चार सामने जिंकले. पाचवा होता पिवळ्या शर्टवाल्यांशी. माझी खूण झाली की त्यांची पिचर चेंडू मुद्दाम बाहेर टाकायची आणि फलंदाजामागे बसणारी त्यांची कॅचर आधीच उठून फेकायच्या तयारीत. आमच्या तीन पोरी अशाच बाद झाल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी खुणा बदलल्या. सातव्या सामन्यात पुन्हा पिवळेच समोर, आणि पुन्हा तेच. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

कोण फोडतंय, हे शोधायला मला दोन दिवस पुरले. आमची कॅचर. बुटकी, अबोल, नाकासमोर चालणारी. अशीच माणसं ताकास तूर लागू देत नाहीत. तिची मावसबहीण पिवळ्या संघात. दोघी एकाच बसने घरी जायच्या. एकदा मी बसथांब्यामागे उभा राहून पाहिलं, तर कॅचर तिला बोटांनी काहीतरी दाखवत होती आणि दोघी हसत होत्या. मला आणखी काय हवं होतं? झालं, मी सुतावरून स्वर्ग गाठला. संघातल्या दोघींना बाजूला घेऊन म्हणालो, “जरा लक्ष ठेवा तिच्यावर. कोणाला बोलू नका.” संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या संघाला माहीत होतं.

उपांत्य सामना पिवळ्यांशीच आला. त्या दिवशी निवड समिती येणार होती. निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात जागा, कॉलेजची फी माफ. कॅचर शेवटच्या वर्गात होती. घरी शिवणकाम करणारी आई आणि दोन धाकटी भावंडं. या निवडीवर तिचं पुढचं शिक्षण अवलंबून आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी तिला बाकावर बसवलं. कारण सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, आणि तेच मला सगळ्यात संशयास्पद वाटलं.

शिवाय त्या दिवसाच्या खुणा मी तिला कळूच दिल्या नव्हत्या. तरी पिवळ्यांना प्रत्येक खूण कळली. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर पिवळ्यांच्या प्रशिक्षक बाई माझ्याकडे आल्या. “सर, तुमच्या कॅचरला का नाही खेळवलंत? आम्हाला तिचीच धास्ती होती.” मग त्या जरा चाचरत म्हणाल्या, “रागावणार नसाल तर एक सांगते. खरी खूण द्यायच्या आधी तुम्ही पँट वर ओढता. दर वेळी.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? दिसतं की.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तसाच समितीकडे धावलो. मुलीला एकदा बघा, म्हणून हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, “न खेळलेल्या मुलीची निवड कशी करणार, सर? यादी गेली.”

कॅचरच्या घरी गेलो. तिची आई मशीनवरून लगबगीने उठली. “या सर, या. निवडीचं सांगायला आलात ना?” मी खुर्चीत न बसताच सगळं सांगून टाकलं. संशय, बसथांबा, पँट. आई मशीनवर हात टेकून उभी राहिली. मुलगी एका शर्टाला बटणं शिवत होती. तिने सुई बाजूला ठेवली.

“म्हणून माझ्या शेजारी कोणी डबा खात नव्हतं,” ती म्हणाली. “मला वाटलं माझाच खेळ बिघडलाय.”

“चुकलं माझं, पोरी.”

“मला सांगून काय उपयोग, सर? त्यांना सांगा.”

दुसऱ्या दिवशी खेळाच्या खोलीत सगळ्या मुलींसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. पँटचं ऐकून एकीला हसू फुटलं, पण ते लगेच विरलं. ज्या दोघींना मी लक्ष ठेवायला लावलं होतं, त्या खाली बघत राहिल्या.

मुली पांगल्यावर कॅचर पुढे आली. शाळेचं सामान परत करायचं होतं. मुखवटा, छातीचं कवच, पायांची दोन कवचं, हातमोजा, सगळं तिने टेबलावर ओळीने मांडलं.

“मोजून घ्या, सर.”

“अगं, मोजायचं काय त्यात? राहू दे.”

“नको. माझ्यासमोर मोजा.”

ती हलेना. शेवटी मी एकेका वस्तूला हात लावून मोजलं, मोठ्याने, आणि पाच म्हणेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.