मासळीच्या बर्फावर तपासलेली स्की

आमच्या घाटकोपरच्या खोलीत बर्फाचा एकच उपयोग होता. उन्हाळ्यात पाहुणे आले की नाक्यावरून भुशात गुंडाळलेला तुकडा आणायचा आणि सरबतात टाकायचा. त्यामुळे दादा जेव्हा म्हणाला की मी बर्फावर घसरायच्या फळ्या बनवणार आहे, तेव्हा आईने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दादा गिरणीच्या सुतारखात्यात होता. संप लांबला, गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही, आणि लाकडाला हात लावल्याशिवाय ज्याचा दिवस जात नसे तो माणूस घरात भिंतीला टेकून बसू लागला. बाबाही त्याच गिरणीत, मागावर. त्यांच्या सभांची पत्रकं आमच्याकडे कायम असत. पिठाच्या डब्याखाली पत्रकं, कपाटाच्या फळीवर पत्रकं. मी बाराखडी शाळेत शिकले, पण वाचायला लागले ती 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' पासून. पुढे मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले.

मुलुंडच्या एका शाळेतले सर गिर्यारोहणाचा क्लब चालवायचे. सामान दुरुस्त करायला माणूस हवा म्हणून मागल्या हिवाळ्यात ते दादाला हिमाचलात शिबिराला घेऊन गेले होते. तिथे त्याने क्लबच्या परदेशी स्की हातात धरल्या, एका जुन्या जोडीवर उभा राहून घसरलाही, आणि परत आला तो वेगळाच होऊन. क्लबच्या स्की मोडत चालल्या होत्या आणि नव्या आणणं क्लबला परवडत नव्हतं. सर त्याला म्हणाले, "दोन जोड बनवून दाखव. डिसेंबरात पहिलं बर्फ पडलं की घेऊन जाऊ. स्कीवरूनच वर चढू, रात्र काढू आणि खाली उतरू. तेवढं निभावलं, तर क्लबच्या जोड्या तूच कर."

इकडे बाबांनी अंधेरीच्या एका नव्या सोसायटीत त्याच्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती. जानेवारीत रुजू व्हायचं. म्हणजे डिसेंबरात काय ते ठरणार होतं.

मला राग आला. "युनिफॉर्म घालून प्रत्येक गाडीला सलाम ठोकणार तू?"

"सलामाचं काय एवढं," दादा म्हणाला. "दिवसभर हात मोकळे राहतील त्याची भीती वाटते."

"आणि स्की म्हणजे तरी काय? श्रीमंतांचा खेळ."

"म्हणून तर तुतीच्या लाकडाच्या करतोय. तुझं पत्रक झालं असेल तर ते टोक धर."

मी टोक धरलं. तुतीचं लाकूड, हॉकीच्या काठ्या ज्याच्या करतात ते. दोन पातळ फळ्या सरसाने एकावर एक चिकटवलेल्या. पुढची टोकं वर वळवायची म्हणून रॉकेलच्या रिकाम्या डब्यात पाणी उकळून त्याच्या वाफेवर ती तासन् तास धरायची. गॅलरीत वाफच वाफ. येणारी जाणारी बाई विचारायची, "काय शिजवताय?" बूट बांधायच्या पकडी त्याने स्कूटरच्या क्लच वायरच्या बनवल्या. चढताना टाच उचलली पाहिजे आणि पुढचा पाय मात्र सुटता कामा नये, हे त्याने मला चुलीपुढे चालून दाखवलं. आई म्हणाली, "बदकासारखा काय चालतोस रे मेल्या, दूध उतू गेलं."

लाकूड पाणी पिऊ नये म्हणून त्याने तळाला खोबरेल तेल मुरवलं. आमच्या घरात प्रत्येक दुखण्यावर तेच. मग तपासणी सुरू झाली. मुलुंडच्या मागच्या टेकडीवर वाळलेल्या गवतावरून आम्ही घसरलो. जुहूला ओल्या वाळूवर घसरायला गेलो तर भेळ खाणारे लोक उठून बघायला आले. पण दादाचं समाधान होईना. गवत म्हणजे बर्फ नव्हे. शेवटी आम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यात गेलो. तिथे मासळीसाठी बर्फाच्या लाद्या फोडून चुरा करतात. आईची ओळखीची एक कोळीण मावशी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि टोपलीवरचा हात कमरेवर ठेवला.

"आनि ह्या फलीवर उभा ऱ्हाऊन तू डोंगरावरून येनार?"

"हो मावशी."

"तुज्या आयशीला ठावं हाय?"

ठाऊक आहे म्हटल्यावर तिने धक्क्यावरच्या उतारावर चुरा ओतायला लावला. दादाने स्की ठेवली, हलकेच ढकलली आणि ती सुर्रकन जाऊन पापलेटाच्या पाट्यांवर आदळली. मावशीने चार शिव्या हासडल्या. दादा मात्र हसत होता, गिरणी बंद झाल्यापासून तसा हसलेला मी पाहिला नव्हता. येताना मावशीकडून त्याने होडीचं सुंभही मागून घेतलं. चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला गुंडाळायला. सरांकडे त्यासाठी परदेशी केसाळ पट्ट्या होत्या, आमच्याकडे नारळ होता.

मनालीच्या वर जिथे डांबरी रस्ता संपतो तिथून आम्ही तिघे निघालो. सर, दादा आणि दुसरी जोड वापरून बघायला मी. सर एक हमाल घ्या म्हणत होते. मी नको म्हटलं. आपल्या हौसेचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं नाही, हे माझं मत होतं आणि आजही आहे. सर म्हणाले, "मग तत्त्वासकट पिशवी उचला." उचलली.

हंगामाचं पहिलं बर्फ बोटभरच होतं, जागोजाग गवताची टोकं वर आलेली. मी वाकून मूठभर उचललं. मला वाटलं होतं टणक लागेल. ते लागलंच नाही. कापूस पिंजताना हवेत उडतो तसं काहीतरी, आणि बोटं मिटली तर आत नुसतं पाणी. मी पुन्हा पुन्हा उचलत राहिले. हा मासळीवरचा बर्फ नव्हता. दादाही तेच करत होता.

सुंभाने झकास काम केलं. सरांच्या पट्ट्या एका ठिकाणी सरकल्या, आमची काथ्याची दोरी नाही. वर गेल्यावर बर्फ घोट्यापर्यंत आलं. मेंढपाळांचं दगडी खोपट दिसू लागलं तेव्हा मध्ये एक उतार होता. दादा सुंभ सोडून म्हणाला, "इथे बघतो." उन्हातून तो नीट निघाला. देवदारांच्या सावलीत शिरला आणि जागच्या जागी थांबून तोंडावर पडला. स्की उलटी केली तर तळाला बर्फाचा थर, साबणाच्या वडीएवढा जाड. उन्हात तळ ओला होत होता आणि सावलीत त्या ओलीला नवं बर्फ घट्ट धरत होतं. खोबरेल गोठून पांढरं झालेलं. मुंबईच्या उन्हात, वितळत्या चुऱ्यावर जे सुर्रकन गेलं होतं, ते इथे चिकटून बसलं होतं.

"वाट लागली," दादा म्हणाला.

अंधार पडता पडता खोपटात शिरलो. मी स्वेटरखाली पत्रकं कोंबली होती, वारा अडवायला. छापील कागद अंगाला चांगला लागतो हे तिथे कळलं. सर मेणबत्तीच्या उजेडात स्टोव्हवरची खिचडी ढवळत होते. दादा स्की मांडीवर घेऊन चाकूने गोठलेलं तेल खरवडत बसला. त्याने मेणबत्तीकडे पाहिलं. मग आपल्या बोटावर सांडलेलं मेण त्याने दोन बोटांत चोळलं, आणि पुन्हा चोळलं.

"सर, विझवू का?"

"अरे खिचडी?"

"खिचडी अंधारात शिजते."

सरांनीच फुंकर मारली. मग पिशवीतल्या उरलेल्या मेणबत्त्या त्यांनी चाचपून दादाच्या हातात दिल्या. दादा अंधारात तळ घासत राहिला आणि मी तळहाताने रगडून मेण लाकडात बसवत राहिले. खिचडी खाली लागली होती, तरी खाल्ली.

सकाळी बर्फावर पापडासारखा कडक पापुद्रा आला होता. दादाने स्की ठेवली आणि ती त्याची वाट न बघता निघालीच. त्याने धावत जाऊन पकडली. मग तो उतरला, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात, आणि कुठेही अडला नाही. मीही निघाले. खरं सांगायचं तर बराचसा उतार मी बसूनच उतरले. पण मधे एकदा, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेलं असताना, पायाखालचं लाकूड मला घेऊन चाललं होतं आणि मी काहीच करत नव्हते. एवढ्या शांतपणे मला आयुष्यात कुणी कुठे नेलेलं नाही.

मग बर्फाखाली लपलेला दगड लागला. काडकन आवाज आला आणि माझी डावी स्की पुढे वेगळी, मागे वेगळी झाली.

सर आणि दादा दोघे आले. मी काही बोलणार तोच सरांनी हात वर केला. तुकडे उचलून ते उलटसुलट बघत राहिले. दादाचा चेहरा मला बघवत नव्हता.

"सांधा बघ," सर म्हणाले. "सरसाचा सांधा सुटलेला नाही. लाकूड मोडलंय."

"मोडली ना पण, सर."

"या दगडावर माझीसुद्धा मोडली असती. पण मी म्हणालो होतो निभावलं तर. क्लबच्या मुलांना मी इतक्यात या देणार नाही." त्यांनी तुकडे दादाच्या हातात ठेवले. "माझ्यासाठी एक जोड कर. माझी उंची लिहून घे. फेब्रुवारीत मी त्यावर उभा राहीन, मग पोरांचं बघू."

उरलेला उतार मी चालत उतरले. मोडकी स्की दादाने परतीच्या प्रवासात कुणालाही धरू दिली नाही.

घरी बाबांनी विचारलं, "एका माणसाच्या एका जोडीवर तू अंधेरीची जागा सोडणार?"

"हो."

मी बोलायला तोंड उघडलं. बाबा म्हणाले, "तू थांब, पत्रक नको." मग त्यांनी मोडकं टोक हातात घेतलं, तुटलेल्या जागी अंगठा फिरवला आणि बराच वेळ फिरवतच राहिले. "आत रेघ आडवी गेलीय लाकडाची," ते म्हणाले. "दुसरं निवडून आण." जागेबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत.

सरांच्या जोडीसाठी सुंभ आणायला आम्ही वर्सोव्याला गेलो. मावशी पाट्या लावत होती.

"काय रं, चालली का तुजी फली बर्फावर?"

"तेल नाही चाललं मावशी. मेण चाललं. तिथला बर्फ वेगळा असतो."

"बर्फ तो बर्फ. त्यात काय येगलं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पत्रकं लिहिणारी, शब्द माझ्याकडे असायला हवे होते. मी कापूस म्हटलं, पीठ म्हटलं, हात हलवून दाखवलं. मावशीने सगळं ऐकलं.

"मंग मासली ऱ्हाईल का त्यात?"

दादाने सुंभाची गुंडाळी खाली ठेवली आणि या प्रश्नाचा अगदी मनापासून विचार करू लागला.